घेताना माल, बुडाल्यावर परवाना

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे माणसे गाडली गेली. त्या दुःखापुढे दुकानातला संगणक बुडाल्याची तक्रार क्षुल्लकच म्हणावी लागेल. परंतु चिखल उपसून झाल्यावर लहान व्यावसायिकाला पुन्हा उभे राहायचे असते, आणि करसल्लागार, पतसंस्था, छपाईवाला, दाखले काढून देणारे सेवा केंद्र यांपैकी कोणाचेही उभे राहणे आज संगणकावाचून होत नाही.

अशा बुडालेल्या संगणकाचा मदरबोर्ड बहुधा गाळाने आणि ओलीने निकामी झालेला असतो. तो बदलून संगणक चालू करावा, तर पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटते की विंडोज सक्रिय नाही. पैसे मोजून, पावती घेऊन आणलेली वस्तू आपल्या धन्यालाच ओळखेनाशी होते!

हा बिघाड नव्हे, योजना आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हेशनची अट सर्वसामान्य ग्राहकाला लावली. संगणकाच्या सुट्या भागांवरून त्याची एक ओळख तयार होते आणि परवाना त्या ओळखीशी बांधला जातो. मेमरी वा हार्ड डिस्क बदलली तर सहसा निभावते. मदरबोर्ड बदलला की कंपनीच्या लेखी तो संगणकच नवा ठरतो. वेगळी विकत घेतलेली विंडोज दुसऱ्या संगणकावर नेता येते. संगणकासोबत बसवून आलेली, जी आपल्याकडे बहुसंख्य ठिकाणी असते, ती मात्र मूळ संगणकाबरोबरच संपते. मदरबोर्ड सदोष निघाल्याने बदलला तर सवलत आहे, क्षमता वाढविण्यासाठी बदलला तर नाही. मग सावित्रीच्या पुरात बुडालेला मदरबोर्ड कोणत्या रकान्यात बसवायचा?

येथे कायद्याचा एक विलक्षण भाग वाचकांनी ध्यानात घ्यावा. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ असल्याचे सांगून त्यावरील विक्रीकर वैध ठरविला. पुढे २ मार्च २०२१ रोजी, म्हणजे महाडच्या पुराच्या जेमतेम पाच महिने आधी, त्याच न्यायालयाने परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम ही स्वामित्वधन नव्हे, असा निर्णय दिला. आम्ही हक्क देत नाही, केवळ प्रत विकतो, हाच त्या खटल्यांतील उद्योगाचा युक्तिवाद होता. कर टाळताना विक्री, आणि ग्राहकाने हक्क मागितला की परवाना! ही दुटप्पी नीती आपण किती काळ मुकाट्याने सोसायची? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० सालीच संगणकासोबत विकावयाची विंडोज सुटी विकण्यास मोकळीक दिली, आणि युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये वापरलेला परवाना पुन्हा विकण्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे. तिचा आधार या प्रश्नी घेऊन पाहण्यास हरकत नसावी.

दुसरा मार्ग कसा असू शकतो हे दाखवायला परदेशात जाण्याचीही गरज नाही. बंगळूरुच्या टॅलीचा परवानाही संगणकाशी बांधलेलाच असतो. पण तो जुन्या संगणकावरून सोडून नव्यावर घेता येतो आणि संगणक नष्ट झाला तरी नोंदणीकृत खात्यावरून मोकळा करून घेता येतो. आपल्या उत्पादनाची चोरी टॅलीलाही नको आहे, तरीही ही सोय तिला जड गेलेली नाही. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली तर हा प्रश्नच निर्माण करीत नाही. मात्र ज्याचे सारे हिशेब विंडोजवर चालतात, त्याला पूर ओसरल्यावर ‘बॉस’ शिकायला सांगणे हा शहाणपणा नव्हे, हेही स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनी मान्य करावे.

हा प्रश्न आता केवळ पूरग्रस्तांचा उरलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुन्या संगणकाचे अंतरंग बदलून तो विंडोज ११ साठी सिद्ध करणारे अनेक जण याच भिंतीवर आदळत आहेत. तूर्त उपाय एवढाच की, परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा. मग मदरबोर्ड बदलल्यावर सेटिंगमधील ॲक्टिव्हेशनच्या समस्यानिवारणात जाऊन ‘यंत्रातील भाग नुकतेच बदलले आहेत’ हा पर्याय निवडावा आणि त्याच खात्याने प्रवेश करावा. परवान्याच्या अटींत बसत असेल तर काम होते. ही जोडणी पावसाळ्यापूर्वीच करायला हवी. बुडालेल्या संगणकावर ती करता येत नाही.

२०२१ मध्ये शासनाने पूरग्रस्त दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार रुपये देऊ केले. त्यातूनच परवान्याचेही पैसे दुसऱ्यांदा भरायचे काय? ग्राहक संघटनांनी आणि व्यापारी संघांनी आता एक नेमकी मागणी लावून धरावी: पंचनाम्यात नुसते ‘संगणक, १ नग’ असे न लिहिता त्यातील सॉफ्टवेअरच्या परवान्यांचीही नोंद व्हावी, आणि तो पंचनामा दाखविल्यावर कंपनीने नव्या मदरबोर्डवर तोच परवाना विनामूल्य चालू करून द्यावा.