गरोदरपणी निर्जळी उपवास नको

हरतालिका, आषाढी, नवरात्र आले की मंद्रूपला माझ्या दवाखान्यात चक्कर, मळमळ, डोकेदुखी घेऊन गरोदर भगिनी येतात. विचारले की उत्तर एकच, "कालपासून उपास हाय, डॉक्टर."

एरवी निरोगी बाईला एक दिवसाचा उपवास झेपतो. यकृतात साठवलेली साखर रात्रभर पुरते, मग शरीर हळूहळू चरबी जाळू लागते. गरोदरपणी हे गणित बदलते. पोटातले बाळ आईच्या रक्तातून अहोरात्र साखर घेत असते. आई उपाशी आहे म्हणून ते थांबत नाही. त्यामुळे आईची साखर लवकर उतरते, चरबी लवकर जळते व रक्तात कीटोन ही आम्ले वाढतात. रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत, म्हणजे १८ तास उपाशी राहिल्यास शेवटच्या तिमाहीत हा बदल स्पष्ट दिसतो, असे शिकागोच्या डॉक्टरांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवले आहे. निर्जळी उपवासात पाणीही तुटते.

उपवास मोडवत नसेल, तर दर तीन तासांनी दूध, राजगिरा, शेंगदाणे, फळे घ्यावीत. नुसत्या साबुदाण्यावर राहू नये. इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवतीने उपवास करूच नये. बाळाची हालचाल मंदावली तर लगेच रुग्णालय गाठावे.

रमजानमध्येही गर्भवतीला रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे. आपल्याकडे नवी सून स्वतःहून "उपास नको" म्हणत नाही. म्हणून माझे सांगणे सासूबाईंना आहे : सुनेला आधी तुम्हीच जेवायला बसवा.