किलोमीटर नको, तास सांगा

विमानांचे हिवाळी वेळापत्रक लागले की आमच्याकडे पत्रांचा ढीग येतो. यंदा बहुतेक पत्रांत एकच रड आहे. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते, 'गोंदिया ते चिपी, ९४० किलोमीटर, पावणेदोन तास', आणि विचारते, मग तुमच्या कोटेशनमध्ये अख्खा दिवस कुठून आला?

अंतर खरे आहे, वेळ कागदावरची आहे. ग्रेट सर्कल अंतराला जेटच्या वेगाने भागले, वर अर्धा तास घातला, झाले. या दोन धावपट्ट्यांमध्ये थेट सेवा आहे का, हे त्या गणिताला ठाऊक नसते. अशा मार्गांवर बहुतेकदा येते ते एटीआर-७२, ताशी जेमतेम ५०० किलोमीटरचे, हेही नसते.

आता हैदराबादवरून मोजा. गोंदिया-हैदराबाद साधारण ५१५, हैदराबाद-चिपी ५४०. म्हणजे वाकडी वाट सरळ वाटेपेक्षा फार तर सव्वाशे किलोमीटरने लांब. दोन्ही सेक्टरचा ब्लॉक टाइम मिळून तीन तासांच्या आसपास. प्रवासी थकतो तो हवेत नाही, हैदराबादच्या बाकड्यावर.

आणि हे बाकडे सरकारी हिशेबात कुठेच नाही. 'उडान'चे अनुदान ठरते सेक्टरची लांबी आणि आसने पाहून. पहिले विमान उतरल्यावर दुसरे वीस मिनिटे आधीच उडून गेले, तरी दोन्ही मार्ग फायलीत 'यशस्वी'! मग आसने रिकामी राहतात आणि अनुदानाची तीन वर्षे सरली की मार्ग गुंडाळला जातो. कॅगचा २०२३ चा अहवाल काढून पाहा : उडान-३ पर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी सुरू झाले ३७१, तीन वर्षे पुरी केली ११२ नी आणि मार्च २०२३ मध्ये चालू होते अवघे ५४. हे आकडे वाचूनही दिल्लीतले साहेब नव्या विमानतळांच्या फिती कापण्यात दंग आहेत.

पण साहेबांना किती बोलायचे? आपल्यातलेच काही जण दोन कंपन्यांची दोन वेगळी पीएनआर तासाभराच्या फरकाने जोडून विकतात. इंटरलाइन नाही, बॅग बाहेर काढून पुन्हा चेक-इन करायची, पहिले विमान लेट झाले तर दुसरी कंपनी हात वर करणार. हे गिऱ्हाइकाला सांगायचे कोणी? दोनशे रुपयांच्या कमिशनसाठी गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

तेव्हा मंडळी, आजपासून कोटेशनवर किलोमीटर लिहू नका. घरातून निघण्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतचे तास लिहा आणि पीएनआर वेगळी असतील तर ते ठळक अक्षरांत लिहा. तुमच्या गावच्या विमानतळावरून कोणती जोड किती मिनिटांनी चुकते, त्याची यादी येत्या पंधरा दिवसांत आमच्याकडे धाडा. उन्हाळी वेळापत्रक मंजूर होण्याआधी ती डीजीसीएच्या टेबलावर ठेवू. कुरकुर पुरे झाली, मिनिटे मोजायला लागा.