सात मतांचा गुरुवार

मी राहते ते आइल ऑफ डॉग्ज म्हणजे पूर्व लंडनमध्ये थेम्सने तीन बाजूंनी वळसा घातलेली जमीन. भारतातून येणारे पाहुणे इथे कॅनरी वॉर्फचे काचेचे मनोरे बघायला येतात. मी त्यांना मनोऱ्यांच्या मागच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, जुन्या इमारतींकडेही नेते, कारण १६ सप्टेंबर १९९३च्या गुरुवारी इथल्या मिलवॉल वॉर्डात कौन्सिलच्या एका जागेची पोटनिवडणूक झाली आणि तिने सगळ्या ब्रिटनला हादरा दिला. उघड वर्णद्वेषी असलेल्या ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या डेरेक बीकनला १,४८० मतं पडली, मजूर पक्षाच्या उमेदवाराला १,४७३. सात मतांच्या फरकाने त्या पक्षाचा पहिला कौन्सिलर निवडून आला.

तो काळ मी पाहिलेला नाही. आमच्या जिन्यावरच्या सिल्हेटी आपा तेव्हा इथेच होत्या, मुलं लहान होती. निकालानंतर कित्येक आठवडे त्यांनी मुलांना एकटं दुकानात पाठवलं नाही. आपा म्हणतात, “कौन्सिलर एकच होता ग, पण रस्त्यावर ओरडणाऱ्यांना वाटायला लागलं की आता आपलंच राज्य आलं.”

हे अचानक घडलं नव्हतं. गोदी १९८०मध्ये बंद पडली, पिढ्यान्‌पिढ्यांची कामं गेली. मग मनोरे आले, पण त्यातल्या नोकऱ्या या वस्तीतल्या लोकांसाठी नव्हत्या. कौन्सिलची घरं अपुरी, त्यांची यादी लांबलचक, आणि घर आपल्या मुलाला मिळणार की बांगलादेशी कुटुंबाला, या प्रश्नावर शेजार दुभंगलेला. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९९२मध्ये, याच वॉर्डातल्या पोटनिवडणुकीत त्या पक्षाने वीस टक्के मतं घेतली होती. आकडा सगळ्यांसमोर होता. मोठ्या पक्षांनी तो मनावर घेतला नाही, याचा मला आजही राग येतो.

मे १९९४च्या कौन्सिलच्या सर्वसाधारण निवडणुकीत बीकन पडला. त्याची मतं मात्र घटली नव्हती, उलट २,०४१पर्यंत वाढली होती. आदल्या सप्टेंबरात निम्म्याहून जास्त मतदार घरी बसले होते. या वेळी साठ टक्क्यांहून अधिक लोक केंद्रावर गेले आणि वॉर्डाच्या तिन्ही जागा मजूर पक्षाला मिळाल्या. कार्यकर्ते दारोदार फिरले होते, आपांसारख्या बायकांना सोबत करून केंद्रापर्यंत नेलं गेलं होतं. आपांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं.

ब्रिटनमध्ये अशा पोटनिवडणुका वर्षभर, बहुतेक गुरुवारी, कुठे ना कुठे चालूच असतात. कौन्सिलरचं निधन होतं, कुणी राजीनामा देतं, कुणी सलग सहा महिने एकाही बैठकीला न फिरकल्यामुळे जागा गमावतं. इंग्लंडमध्ये त्या भागातल्या फक्त दोन मतदारांनी लेखी मागणी केली की कामकाजाच्या ३५ दिवसांत मतदान घ्यावंच लागतं. सर्वसाधारण निवडणूक सहा महिन्यांच्या आत असेल तेवढाच अपवाद. उभं राहायला अनामत रक्कम लागत नाही. प्रस्तावक आणि अनुमोदक अशा दोन सह्या पुरतात. इतकी सोपी वाट असूनही बऱ्याच ठिकाणी चारपैकी तीन मतदार येत नाहीत.

आणि लंडनमधली बरो कौन्सिल काय काय ठरवते? कचऱ्याची गाडी आणि पार्किंगचा परवाना हे तर झालंच. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालायला मदतनीस किती वेळ येणार, विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेत न्यायला गाडी मिळणार की नाही, बेघर झालेल्या कुटुंबाला रात्री कुठे ठेवायचं, हेही तिथेच ठरतं. आजारपणात माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या, तेव्हा या ‘अडल्ट सोशल केअर’चे अर्ज भरताना मला आमच्या वॉर्डाचा कौन्सिलर कोण आहे ते पहिल्यांदा शोधावंसं वाटलं.

आता या पोटनिवडणुकांचा कल काय सांगतो ते पाहू. जुलै २०२४च्या संसदेच्या निवडणुकीत मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा घेतल्या. इतक्या कमी मतांवर इतका मोठा विजय हा पोकळच असणार, आणि ते आधी वॉर्डांनी दाखवलं. त्या उन्हाळ्यानंतर पोटनिवडणुकांत सत्ताधारी पक्ष जागा गमावू लागला, उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाचे उमेदवार कुठे दुसरे, कुठे पहिले येऊ लागले. मग १ मे २०२५ला रिफॉर्मने ६७७ जागा आणि दहा कौन्सिलं जिंकली. केंट, डरहॅम, लँकेशायर अशी वेगवेगळ्या स्वभावाची ठिकाणं एकाच रात्रीत त्यांच्याकडे गेली. बीबीसीच्या राष्ट्रीय अंदाजात रिफॉर्मला ३०, मजूर पक्षाला २० आणि हुजूर पक्षाला अवघी १५ टक्के मतं होती. म्हणजे ज्या दोन पक्षांनी शंभर वर्षं हा देश आळीपाळीने चालवला, त्यांना मिळून ३५. त्याच दिवशी रनकॉर्न अँड हेल्सबीची संसदेची पोटनिवडणूकही होती. तिथे मजूर पक्षाचं १४,६९६चं मताधिक्य एका वर्षात विरलं आणि रिफॉर्म सहा मतांनी जिंकला.

एखाद्या वॉर्डाच्या निकालावरून देशाचं भविष्य सांगणारे लेख मला पटत नाहीत. कुठे लोकप्रिय शिक्षिका अपक्ष उभी असते, कुठे एका रस्त्याच्या रुंदीकरणावरच मतं फिरतात. इंग्लंडमध्ये सर्वाधिक मतं त्याची जागा असा नियम असल्याने पाच पक्षांच्या लढतीत तीस टक्क्यांच्या आत मतं मिळवूनही जिंकता येतं. स्कॉटलंडमध्ये पसंतीक्रमाने मत देतात, तिथे हाच मतदार वेगळा निकाल देऊ शकतो. रिफॉर्मच्या लाटेवर निवडून आलेल्या काहींनी काही आठवड्यांतच राजीनामे दिले आणि त्यांच्या वॉर्डांत पुन्हा मतदान लागलं, हेही हिशेबात धरायला हवं. एक गुरुवार फसवू शकतो, पण बरेच गुरुवार मांडून पाहिले की दिशा दिसते. १९९२चा वीस टक्क्यांचा आकडा कुणी असा मांडून पाहिला असता, तर पुढच्या सप्टेंबरात आपांच्या मुलांना घरात कोंडावं लागलं नसतं असं मला वाटतं.

आता आपल्या माणसांबद्दल. कॅनरी वॉर्फच्या बँकांत आणि आयटीत काम करणारी मराठी कुटुंबं आमच्या भागात भरपूर आहेत, बहुतेकांकडे भारतीय पासपोर्ट. भारत राष्ट्रकुलात असल्याने, इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलच्या आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देता येतं, विद्यार्थी व्हिसावर असला तरीही. इंग्लंडमध्ये २०२३पासून केंद्रावर छायाचित्राचं ओळखपत्र लागतं, तिथे भारतीय पासपोर्ट चालतो. मतदार यादीत नाव असलं की कर्ज मिळायला सोपं जातं, म्हणून नोंदणी बरेच जण करतात. मत द्यायला मात्र जात नाहीत. “आपण इथे पाहुणे, त्यांच्या राजकारणात कशाला पडायचं?” असं गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत मला नेहमी ऐकावं लागतं. मला हे अजिबात मान्य नाही. दर महिन्याला कौन्सिल टॅक्स भरणारा पाहुणा कसा? व्ही. के. कृष्ण मेनन १९३४मध्ये लंडनच्या सेंट पँक्रसमध्ये कौन्सिलर झाले, भारताच्या स्वातंत्र्यासाठी झगडताना त्यांनी तिथल्या वाचनालयांसाठीही मन लावून काम केलं. मेनन पाहुणे म्हणून बसून राहिले नाहीत.

मत देण्याची संधीच नसते तेव्हा काय होतं, ते मुंबईत दिसलं. तिथली माझी बहीण फोनवर सांगायची की गटाराची तक्रार कुणाकडे करायची तेच कळत नाही. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि २२७ जागांसाठी मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. तोवर प्रशासक. एका रिकाम्या जागेसाठी दोन मतदारांची सही पुरते, हा इथला नियम मी तिला सांगितला तेव्हा तिचा विश्वास बसेना. ब्रिटन सोवळा आहे असंही नाही. फेररचनेच्या नावाखाली सरकारने मे २०२५मध्ये होणाऱ्या एसेक्स, सरे, नॉरफोकसह नऊ ठिकाणच्या निवडणुका पुढे ढकलल्या. मला तो निर्णय तितकाच चुकीचा वाटला. कारण कितीही चांगलं असो, मुदत संपल्यावर खुर्चीत बसून राहायची परवानगी लोकांकडूनच घ्यायला हवी.

माझी मागणी साधी आहे. ब्रिटनमधल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवात प्रसादाच्या टेबलाशेजारी मतदार नोंदणीचं एक टेबल लावावं. अर्ज ऑनलाइन पाच मिनिटांत भरता येतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही नोंदणी करता येते, त्यांना ओळखीचा दुसरा पुरावा द्यावा लागतो एवढंच. नोंदणी मतदानाच्या आधी कामकाजाचे १२ दिवस बंद होते, त्यामुळे पोटनिवडणुकीचं पत्रक दारातून पडल्यावर विचार करत बसायला फारसा वेळ मिळत नाही.