फॉल्ट शोधायचे पैसे घ्या, पार्ट विकून भरपाई करू नका!



गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आज माझी एक चूक सांगतो. बीबीएमध्ये कॉस्टिंग शिकलो होतो, पण खरा धडा नारायण पेठेतल्या माझ्या दुकानात एका हिरव्या दिव्याने दिला.

एक काका त्यांची जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन आले. गाडी गिअरमध्ये असली तरी न्यूट्रलचा दिवा चालूच. मी बघितल्या बघितल्या म्हणालो, "काका, स्विच गेलाय." नवा स्विच बसवला, पैसे घेतले. दिवा मात्र पुन्हा लागलेलाच! दुसऱ्या दिवशी काका परत आले. अलका टॉकीज चौकात सिग्नलला दिव्यावर विश्वास ठेवून त्यांनी क्लच सोडला होता आणि गाडीने पुढे उडी मारली होती. नशीब, पुढे कोणी नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "आज स्विच बदललात, उद्या काय, गाडीच बदलायला सांगणार का?"

दोष निघाला वायरीत. स्प्रॉकेटच्या कव्हरजवळ तिचं आवरण घासून गेलं होतं आणि आतली तार इंजिनला टेकत होती.

आता यामागचं गणित समजून घ्या. बहुतेक जुन्या गाड्यांत दिव्याला बॅटरीकडून करंट मिळतो आणि गाडी न्यूट्रलला आली की इंजिनवरचा स्विच त्या वायरला अर्थ देतो. म्हणून तपासणी दोन मिनिटांची आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, चावी ऑन.

दिवा कायम चालू असेल तर गाडी गिअरमध्ये टाका आणि स्विचची वायर काढा. तरीही दिवा चालू? मग वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. विझला? मग स्विच बघा.

दिवा लागतच नसेल तर काढलेली वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष स्विचकडे. नाही लागला तर बल्ब, कनेक्टर आणि वायर तपासा. काही मॉडेलची वायरिंग वेगळी असते, त्यामुळे आधी डायग्राम बघा.

हे मला येत नव्हतं का? येत होतं. पण तपासण्याचे पैसे मी घेत नव्हतो, स्विचचे घेत होतो. त्यामुळे डोकं आपोआप स्विचकडे धावलं! शेवटी स्विचचे पैसे परत केले, मजुरी बुडाली आणि काकांचा विश्वास गेला तो वेगळाच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तपासणीचा दर ठरवा आणि बोर्डावर लिहा. मी १०० रुपये लिहिले. "काम केलं तर तपासणी फ्री" ही ऑफर तर अजिबात देऊ नका, कारण मग काम काढायचा मोह तुम्हालाच होतो. तुम्ही म्हणाल, "सर, पेठेतलं गिऱ्हाईक नुसतं बघायचे पैसे देईल का?" काही जण देत नाहीत, निघून जातात. पण जे थांबतात त्यांना मी तुटलेली वायर हातात घेऊन दाखवतो, आणि तेच पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येतात.

पुण्यात जुन्या गाड्यांना तोटा नाही. स्प्लेंडर १९९४ ची, पल्सर २००१ ची. घराघरात अजून एखादी जुनी गाडी आहेच. पार्ट तर नाना पेठेत कोणालाही मिळतो. नेमका दोष शोधून देणारा माणूस मिळत नाही. तो तुम्ही व्हा.

आजच एक काम करा: तुमच्या धंद्यात तुम्ही कोणती तपासणी फुकट करता ते कागदावर लिहा आणि तिच्यापुढे दर टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत!