बंदर येईल, पण क्रेन कोण चालवणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी वाढवण बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पालघरमध्ये भूमिपूजन झालं. खर्च ७६,२२० कोटी रुपये, नऊ कंटेनर टर्मिनल आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगार, असा सरकारचा अंदाज आहे. आकडे भलतेच मोठे आहेत. आपण त्यातला एक छोटा प्रश्न घेऊ. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात आज दहावीला असलेल्या मुलाला किंवा मुलीला या १२ लाखांतलं नेमकं कोणतं काम मिळेल?

बंदर व्हावं की नाही, हा वाद वेगळा आणि जुना आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथलं बंदर नाकारलं होतं. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध आजही आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. पण बंदर होणारच असेल, तर त्यातल्या नोकऱ्यांची तयारी कोण करतंय, हे विचारायलाच हवं.

प्रकल्प शेजारी, फायदा लांब

मोठा प्रकल्प जवळ आला की विकास आपोआप घरात येतो, हा समज या जिल्ह्याने तरी सोडून द्यायला हवा. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देतंय. त्याच्या बाजूला बोईसरची एमआयडीसी उभी राहिली. तरीही दिवाळी झाली की मोखाडा-जव्हारमधली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, ते थांबलेलं नाही. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ आहे. ते २०१४ मध्ये पूर्ण झालं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. प्रकल्पाला लागणारं तांत्रिक मनुष्यबळ प्रकल्पाआधी तयार असतं, आणि ते बहुतेक बाहेरून येतं. स्थानिकांसाठी मग उरतं ते खोदकाम, हमाली, नाहीतर गेटवरची सिक्युरिटी.

वाढवणला हे आणखी ठळकपणे होऊ शकतं. आजच्या कंटेनर बंदरात पाठीवर गोणी वाहणारा कामगार दिसत नाही. क्रेन विजेवर चालतात, काही तर दूर केबिनमध्ये बसून स्क्रीनवर चालवतात. तिथे लागतो इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, हायड्रॉलिक्स कळणारा तंत्रज्ञ. म्हणजे आयटीआय आणि डिप्लोमावाले.

हिशेब वर्षांचा आहे

बंदराचा पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस अपेक्षित आहे. आता साधा हिशेब करा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेड दोन वर्षांचा, त्यानंतर कारखान्यात वर्षभर अप्रेंटिसशिप. दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. दोन्ही वाटांनी तीन वर्षं जातात. म्हणजे बंदराची जाहिरात निघेल तेव्हा पात्र असायचं, तर निर्णय आत्ताच घ्यावा लागतो. जाहिरात वाचून शिकायला निघालेला उशीरच करतो.

वाटा नाहीत असंही नाही. जव्हार आणि मोखाड्यात सरकारी आयटीआय आहे, विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं, हा तर मोठाच गैरसमज. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वेल्डिंगपासून बी.ई.पर्यंत शिडी आहे. ती पोरांना कुणी दाखवत नाही, ही अडचण आहे. मग दहावीनंतर जवळच्या कॉलेजात आर्ट्सला नाव घालायचं आणि पुढे पोलीस भरतीची वाट बघायची, एवढंच डोळ्यांसमोर राहतं. भरतीची तयारी करण्यात काही वाईट नाही. पण ती एकच वाट असणं धोक्याचं आहे.

पाबळने काय केलं?

दुसरी अडचण शाळेत आहे. हातात कधी स्क्रू-ड्रायव्हर न धरता, मल्टिमीटर न बघता विज्ञानात चांगले मार्क मिळवता येतात. असा मुलगा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा बिचकतो.

यावर महाराष्ट्रातच एक उत्तर सापडलेलं आहे. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे त्याचे चार भाग. गेट वेल्ड करणं, वायरिंग, बांधकाम, माती तपासणं ही गावाला खरोखर लागणारी कामं मुलं शिकता शिकता करतात. २००२ मध्ये याच दुष्काळी गावात अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, तीही जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी. पाबळमध्ये हे होऊ शकलं, तर पोशेऱ्यात का नाही?

आणि ही तयारी फक्त बंदरासाठी नाही. एका प्रकल्पावर सगळी आशा टाकणं हाही जुगारच. जलजीवन मिशनच्या नळयोजनेचा पंप बिघडतो, शेतातला सौरपंप बंद पडतो, तेव्हा तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्यातच हवा असतो. जो क्रेनची मोटर समजू शकतो, तो पाड्यावरचा पंपही उघडू शकतो. वाढवणला नोकरी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी हातातलं काम कुठे जात नाही. चांगल्या तंत्रशिक्षणाची हीच परीक्षा: गाव सोडलं तरी उपयोगी, राहिलं तरी उपयोगी.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही कॉलेजात आहात, म्हणजे घरातल्या किंवा पाड्यावरच्या दहावीच्या पोरांपेक्षा चार गोष्टी तुम्हाला जास्त माहीत आहेत. निकालानंतर प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरायला त्यांच्यासोबत बसा. राखीव जागेवर इंजिनीअरिंगला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने जातात. तो अर्ज अकरावी-बारावीतच करायला सांगा. बारावीनंतर बाहेरगावी शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृह मिळालं नाही, तर जेवण-राहण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, हेही त्यांना माहीत हवं.

आणखी एक. मोखाडा तालुका पेसा क्षेत्रात येतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो, आणि त्यात शिक्षणावर खर्च करता येतो. तो कशावर घालायचा, हे ग्रामसभेत ठरतं. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून शाळेसाठी एक छोटी कार्यशाळा मागा: एक वेल्डिंग मशीन, एक वायरिंग बोर्ड, शिकवायला आठवड्यातून एक दिवस येणारा कारागीर. गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला त्या सभेत बोलायचा हक्क आहे.