दस्तरखान : मरळ मिळाली नाही तर



आपल्या तिवसा तालुक्यातल्या एका आपांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी कुवेतला फरवानियात राहते. तिचं पहिलं बाळंतपण तिकडेच होणार आहे आणि आई चाळीस दिवसांसाठी तिच्याकडे जाणार आहेत. त्या लिहितात, "आमच्या घरात बाळंतिणीला मरळीचा रस्सा देतात. माझ्या सासूबाईंनी मला दिला, मी मोठ्या सुनेला दिला. कुवेतला मरळ नाही म्हणतात. समुद्राची मछली मुबलक आहे, पण मुलीला तिचा वास सोसत नाही. दोन वर्षं झाली, तिने मछली खाणंच सोडलं आहे. त्यावरून घरात कुरबूरही होते. मी इथून मरळ बर्फात घालून नेऊ का?"

आपा, नेऊ नका. तिवस्याहून नागपूर, नागपूरहून मुंबई आणि तिथून कुवेत, एवढ्या प्रवासात अख्खा दिवस मोडतो. बर्फ वितळून मछली खराब झाली तर ती बाळंतिणीच्या पोटात जाणार. पण तुमचा प्रश्न साधा नाही. घरातली मुलगी परक्या देशात दोन वर्षं जेवणातला एक घास टाळते आहे आणि आता तिला बाळासाठीही नीट खायचं आहे, म्हणून या महिन्याचं पान त्यावरच.

आपली चव नदीची

आपण वऱ्हाडातली माणसं. आपल्या ताटात मछली येते ती वर्धा नदीची, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाची, नाहीतर गावतळ्याची. रोहू, कतला, मृगळ, वाम, शिंगी, नदीचे झिंगे आणि सगळ्यांत मानाची मरळ. समुद्राचं म्हणाल तर आठवडी बाजारातली सुकट आणि सुके बोंबील, तेवढीच आपली ओळख. कोकणातल्या बहिणी आखातात गेल्या की त्यांना सुरमई, पापलेट आपल्या गावासारखीच भेटतात. आपल्या मुलींना मात्र तिथला सगळा बाजारच नवा असतो.

वासाची गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे निम्मं काम होईल. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात टिकून राहण्यासाठी तिथल्या मछलीच्या अंगात एक खास द्रव्य असतं. मछली मेली की जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइल अमाइनमध्ये करतात आणि तो उग्र वास येतो. मछली जितकी शिळी तितका वास जास्त. आपल्या तळ्याच्या रोहू-कतल्याला हा वास फारसा नसतो, तिला मातीचा वास असतो. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातलं शेवाळ आणि मातीतले सूक्ष्म जीव ते तयार करतात. पहिल्या पावसात जमिनीला जो वास सुटतो, त्यातही हेच द्रव्य असतं. आपल्याला त्या वासाची लहानपणापासून सवय आहे, म्हणून तो आपल्याला वास वाटतच नाही. रत्नागिरीची सून आपल्या घरी आली की तिला मात्र तो पहिल्या दिवशीच जाणवतो.

दोन्ही वासांवर औषध एकच आहे, आंबट. चिंच, लिंबू, कैरी, काहीही चालेल. समुद्राची मछली धुऊन तिला मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग पुन्हा धुवा. वास बराच उतरतो.

नाव शोधू नका, गुण शोधा

परदेशात गेलेल्या बहिणी दुकानात जाऊन "मरळ आहे का" विचारतात आणि नाही म्हटलं की परत येतात. त्याऐवजी आधी स्वतःला विचारा की मरळीत आपल्याला नेमकं काय हवं असतं. मांस पांढरं आणि घट्ट असतं, रश्श्यात उकळलं तरी तुकडा फुटत नाही, बारीक काटे नाहीत म्हणून आजारी माणसाला आणि मुलांना बिनधास्त देता येते. चौथी गोष्ट ताजेपणाची. मरळ हवेतही श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते आणि आपल्या बाजारात टबात जिवंत मिळते.

आता हेच गुण कुवेतच्या बाजारात शोधा. पहिलं नाव हामूर. पांढरं, घट्ट मांस, मोठा मधला काटा आणि बारीक काटे जवळपास नाहीतच. मरळीच्या रश्श्यात हामूर घातली तर फरक ओळखायला दोन घास लागतात. ती महाग असते. परवडत नसेल तर शेअरी आणि सुबैती घ्या, दोन्ही पांढऱ्या मांसाच्या आहेत आणि रश्श्यात चांगल्या लागतात. तळायची असेल तर जुबैदी, म्हणजे आपलं पापलेट. कुवेतच्या लोकांची ती फार लाडकी आहे.

रोहू-कतल्याची आठवण येत असेल तर दोन वाटा आहेत. एक, बांगलादेशी किराणा दुकान. तिथल्या फ्रीझरमध्ये नदीची मछली गोठवलेली मिळते, फक्त नावं बंगाली असतात. रोहूला 'रुई', मृगळला 'मृगेल', शिंगीला 'शिंग' आणि मरळीला 'शोल' म्हणतात. आपांनी तिथे 'शोल' विचारून पाहावं, कदाचित खरी मरळच हाती लागेल. दुसरी वाट इराकी लोकांची. बगदादमध्ये दजला नदीच्या काठी मछली पाठीकडून चिरून उघडतात आणि विस्तवाशेजारी उभी भाजतात, तिला 'मसगूफ' म्हणतात. त्यासाठी बहुधा कार्प वापरतात आणि कार्प ही रोहू-कतल्याच्या खानदानातलीच. परक्या मुलखातही आपल्यासारखी नदीची चव जपणारे लोक आहेत, हे कळलं तरी मन हलकं होतं.

तिलापियाला अरबी लोक 'बुल्ती' म्हणतात. ती स्वस्त असते, गोड्या पाण्यातली असते आणि आपल्या मुलींना पटकन आवडते. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या बहिणींनी तिलापिया, ट्राउट किंवा सी-बास घ्यावी. 'बासा' नावाचे बिनकाट्याचे तुकडे सगळीकडे मिळतात, पण ते मऊ आणि पाणचट असतात. रश्श्यात विरघळतात, तळायलाच बरे.

बाजारातली पारख मात्र इकडची तीच तिकडे. कल्ले लालबुंद, डोळे फुगीर आणि चमकदार, बोटाने दाबलं तर मांस परत वर यायला हवं. मछली सकाळी घ्या आणि त्याच दिवशी शिजवा.

बाळंतिणीसाठी दोन इशारे

पहिला इशारा मछलीचा. सुरमईला कुवेतमध्ये 'चनद' आणि दुबईकडे 'कनद' म्हणतात. ती चवीला उत्तम, पण दुसऱ्या मछल्या खाऊन मोठी होणारी आहे. अशा मोठ्या शिकारी मछलीच्या अंगात पारा साठत जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने सुरमई, ट्यूनासारख्या मोठ्या मछल्या वरचेवर खाऊ नयेत आणि शार्क तर टाळावीच. हामूरही मोठी घेऊ नका, लहान पाहून घ्या आणि रोज एकच मछली न देता बदलून द्या. मुलीला काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

मरळीबद्दल आपल्याकडे जी श्रद्धा आहे, ती आपलीच नाही. मलेशियात मरळीला 'हारुआन' म्हणतात आणि तिथेही बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर जखम भरून यावी म्हणून ती देतात. बाळंतिणीला खरी गरज असते ती चांगल्या प्रथिनांची आणि ती हामूर, शेअरी, तिलापिया सगळ्यांतून मिळतात. मरळ मिळाली नाही म्हणून मुलीचं काही हुकलं, असं मनात आणू नका.

दुसरा इशारा मसाल्याचा, आणि तो फार गंभीर आहे. आपल्या वऱ्हाडी वाटणात खसखस असते. सौदी अरेबियात आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं गुन्हा आहे, त्यासाठी लोकांना तुरुंगात जावं लागलं आहे. आखातातल्या कोणत्याही देशात जाताना सामानात खसखस ठेवू नका, खसखस घातलेला तयार मसालाही नको. तिच्या जागी पांढरे तीळ किंवा काजू वाटून घाला. रस्सा तितकाच दाट होतो.

शेजारणीच्या दस्तरखानावर

आखातात आपल्या शेजारी बहुतेक वेळा रत्नागिरी-रायगडकडच्या बहिणी असतात. त्या शाफई, आपण वऱ्हाडातले बहुतांश हनफी. कुरआनमध्ये सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल असल्याचं सांगितलं आहे. तिच्या तपशिलात इमामांची मतं वेगळी आहेत. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मछली खातात, आपोआप मरून पाण्यावर उलटी तरंगणारी मछलीही खात नाहीत. झिंग्यांबद्दल हनफी उलमांमध्येच दोन मतं आहेत. शाफई मसलकात झिंगे आणि माकूल खायला हरकत नाही. शेजारणीने माकूल पुढे केलं तर नम्रपणे नको म्हणावं, तिच्या ताटावर फतवा देऊ नये. वामबद्दलही पुष्कळजणी विचारतात. ती सापासारखी दिसत असली तरी मछलीच आहे आणि हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत अशा मछलीला परवानगी आहे.

मछलीला जबह लागत नाही, त्यामुळे विकणारा कोण हे पाहण्याची गरज नाही. तयार तळलेली मछली घेताना मात्र विचारा. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी पिठात बिअर घालतात आणि काही ठिकाणी हलाल नसलेल्या मांसाच्याच तेलात मछली तळतात.

आवडत नाही म्हणजे गुन्हा नाही

आता आपांच्या घरातल्या कुरबुरीकडे येते. "एवढी ताजी मछली असताना तोंड वाकडं करते," असं मुलीला ऐकवलं जातं. इथे सहीह बुखारीतली एक हदीस आठवावी. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी नज्दहून आलेला भाजलेला 'दब्ब', म्हणजे वाळवंटातला घोरपडीसारखा प्राणी, दस्तरखानावर आला. नबी (स.) यांना तो काय आहे हे कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारलं की हे हराम आहे का. नबी (स.) यांनी सांगितलं की नाही, पण माझ्या लोकांच्या भूमीत हा नसतो, म्हणून मन घेत नाही. खालिद (रजि.) यांनी ते आपल्याकडे ओढून खाल्लं, नबी (स.) पाहत होते आणि त्यांनी अडवलं नाही.

दब्बचा फिकही मसला वेगळा आहे आणि उलमांनी त्यावर लिहिलं आहे. आपल्या घरापुरता धडा असा की आपल्या मुलखात नसलेला पदार्थ मनाला न रुचणं साहजिक आहे. ते बोलून दाखवायलाही हरकत नाही. पण आपल्याला रुचत नाही म्हणून दुसऱ्याच्या पदार्थाला नावं ठेवायची नाहीत, आणि ज्याला रुचत नाही त्याच्यावर जबरदस्तीही करायची नाही. सासरच्यांनी मुलीला वेळ द्यावा, मुलीने एका मछलीपासून सुरुवात करावी. आधी तिलापिया, मग शेअरी, मग हामूर. जीभ हळूहळू वळते.

आपल्याकडे कोकणातून आलेल्या सुनांनाही हाच न्याय लावा. त्यांना वर्ध्याची मछली आवडायला वर्ष लागलं तर रागावू नका. कतल्याच्या पाठीकडचे जाड तुकडे सुरमईसारखे काप करून, कोकमाच्या आगळात भिजवून, रव्यात घोळवून तळून द्या. लहान अख्खी तिलापिया पापलेटसारखी तळा. माहेराहून सुके बोंबील आले तर डबा तिच्याच हाती राहू द्या.

हामूरचा वऱ्हाडी रस्सा

साहित्य : पाऊण किलो हामूरचे तुकडे, दोन मोठे कांदे, सुक्या खोबऱ्याचा दोन बोटं तुकडा, दोन चमचे पांढरे तीळ, पंधरा लसूण पाकळ्या, एक इंच आलं, एक चमचा धने, अर्धा चमचा मेथीदाणे, लिंबाएवढी चिंच, हळद, तिखट, मीठ, तेल, कोथिंबीर.

कृती : मछलीला मीठ, हळद आणि निम्म्या चिंचेचा कोळ लावून वीस मिनिटं ठेवा, मग धुऊन निथळा. कांदे आणि खोबरं विस्तवावर किंवा तव्यावर काळपट होईपर्यंत भाजा. तीळ आणि धने कोरडे भाजा. हे सगळं आलं-लसणाबरोबर बारीक वाटा. तेलात मेथीदाणे तांबूस होऊ द्या, काळे झाले तर रस्सा कडू होतो. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. हळद, तिखट, मीठ घाला. तीन वाट्या गरम पाणी आणि उरलेला कोळ घालून रस्सा चांगला उकळू द्या. मग आच कमी करून तुकडे सोडा आणि सात-आठ मिनिटांत उतरवा. समुद्राची मछली जास्त शिजली की कोरडी पडते. पळीने ढवळू नका, भांडंच हलवा.

बाळंतिणीसाठी तिखट अगदी थोडं, लसूण भरपूर आणि रस्सा पातळ ठेवा. ज्वारीचं पीठ तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतं, गरम भाकरी कुस्करून द्या.

अल्लाह परदेशातल्या आपल्या सगळ्या लेकींच्या रिज्कमध्ये बरकत देवो आणि बाळ-बाळंतिणींना सुखरूप ठेवो. आमीन.