घरची काठी, विकतचा भोंगा

बांबूच्या तीन काठ्या घ्यायच्या, वरून वीतभर सोडून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि खालचे पाय फाकवायचे. बंदूक टेकवायला तिकाटणे तयार. आफ्रिकेत शिकाऱ्यांबरोबर माग काढत फिरणारे स्थानिक वाटाडे असलेच तिकाटणे खांद्यावर टाकून हिंडतात. दुकानात याच वस्तूला ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे पाय असतात, उंची कमीजास्त करायला कळ असते आणि किंमत हजारांत जाते. ज्या देशांत शिकारीला परवानगी आहे, तिथे घरचे बरे की विकतचे, हा वाद हौसेने घातला जातो. घरच्याची बाजू तशी भक्कम आहे. ते वापरणाऱ्याच्या उंचीचे असते, एक पाय मोडला तर दुसरा बांबू मिळतो आणि बिघडण्यासारखे त्यात काही नसते.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात बंदुकीला टेकू लागत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि बिबट्या त्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. त्याला मारले तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. तरी घरचे की विकतचे, हा प्रश्न या दोन तालुक्यांतल्या मळ्यामळ्यात रोज संध्याकाळी उभा राहतो. इथे तो बिबट्यापासून वाचण्याचा आहे.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाणी आले, पाण्यामागून ऊस आला. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर असे दोन सहकारी कारखाने उभे राहिले. ऊस वर्षभर उभा असतो, आत गारवा असतो, कडेला वस्ती असते आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे. बिबट्याची मादी पिल्ले घालायला याहून बरी जागा कुठे शोधणार? त्यात शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची. माणूस नेमका त्याच वेळी भरणे द्यायला बांधावर वाकलेला असतो.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात जेमतेम तीन आठवड्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेमबाजांनी पिंपरखेडच्या शिवारात एक बिबट्या टिपला. याच दिवसांत तिथल्या बायकांचे छायाचित्र देशभर पोहोचले. गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा आणि हातात खुरपे.

हा पट्टा धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात पूर्वापार असतो. बिबट्या भक्ष्य धरतो ते नरड्याला, म्हणून तिथे खिळे. तीच युक्ती माणसाच्या गळ्यात आली. काही शहरी मंडळींना त्यात गावकऱ्यांची कल्पकता दिसली आणि कौतुकाचा पूर लोटला. कौतुक जरा आवरते घ्यायला हवे. वाकून खुरपणाऱ्या बाईला तो थोडाफार आधार देतो, हे खरे. पण लेकरू कडेवर घेणाऱ्या आईला तो घालता येत नाही, आणि बिबट्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो लहान मुलाला. ज्या सरकारला रात्रीची वीज दिवसा देता येत नाही, त्याच्या कारभाराचा तो पट्टा म्हणजे पुरावा आहे.

घरच्या युक्त्या हसण्यावारी नेण्यासारख्या मात्र नाहीत. बंगालच्या सुंदरबनात 1986 च्या सुमारास मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला लावायचे साधे मुखवटे वाटले. वाघ मागून झडप घालतो, त्याला समोर चेहरा दिसला की तो बिचकतो, एवढाच हिशेब. सुरुवातीला मुखवटा लावलेल्यांवर हल्ले झाले नाहीत. पुढे वाघांना तो डाव कळू लागला, असेही अनुभव आले. केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाने सिंहांपासून गुरे राखायला गाडीची जुनी बॅटरी, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि टॉर्चचे बल्ब जोडून आळीपाळीने लुकलुकणारे दिवे गोठ्याभोवती लावले. कुणीतरी कंदील घेऊन फिरते आहे, असे सिंहाला वाटावे म्हणून. ती जोडणी नंतर इतरांच्या गोठ्यांवरही गेली.

तशाच लुकलुकणाऱ्या दिव्यांची आणि भोंग्यांची तयार यंत्रे आता बाजारात मिळतात. हालचाल टिपली की उजेड पाडायचा आणि आवाज करायचा. ती वाईट नाहीत. अडचण एवढीच की बिबट्या शिकतो. रोज एकाच जागी तोच भोंगा वाजला आणि त्यानंतर काहीच घडले नाही, तर काही आठवड्यांत त्याच्या लेखी तो रातकिड्यांत जमा होतो. यंत्राची जागा आणि आवाज बदलत राहिले तर उपयोग टिकतो. ते काम करायला माणूस लागतो आणि तो यंत्राबरोबर खोक्यात येत नाही. या बाबतीत घुंगरू बांधलेली घरची काठी आणि मोठ्याने लावलेली मोबाइलवरची गाणी फारशी मागे नाहीत. बिबट्याला माणसाची चाहूल आधी लागली, तर तो बहुधा वाट सोडतो.

घरचे चालणार नाही अशी एक जागा आहे, आणि तिथे मुलाहिजा नको. ती म्हणजे कुंपणातली वीज. विकतच्या सौर कुंपणात एक झटका यंत्र असते. ते साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्या अगदी लहानशा भागापुरता जोरदार पण अल्प ऊर्जेचा ठोका देते. जनावर दचकून मागे फिरते, जिवंत राहते. घरचा ‘झटका’ म्हणजे बऱ्याचदा खांबावरून टाकलेला आकडा आणि बांधावरून ओढलेली उघडी तार. तिच्यात 230 व्होल्टची वीज सलग वाहते आणि आखडलेला स्नायू सुटत नाही. रानडुकरासाठी ओढलेल्या अशा तारेवर बिबटे मरतात, गाई मरतात, पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी मरतो. असल्या तारेला जुगाड म्हणून दाद देणाऱ्याने तिच्या बाजूच्या बांधावरून अंधारात चालून दाखवावे. मोटरसायकलच्या क्लच वायरचे फासही त्याच पंक्तीत बसतात. कायद्याच्या लेखी फास लावणे हीदेखील शिकारच.

पिंजराही घरी बनवायची वस्तू नव्हे, आणि सरकारी पिंजऱ्यावरही डोळे झाकून विश्वास टाकता येत नाही. याचा धडा जुन्नरनेच देशाला दिला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागातील नोंदी तपासल्या. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मग बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोहीम निघाली आणि 2001 ते 2003 मध्ये सरासरी 17 वर गेली. पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला की तो भांबावतो, परत फिरतो, आणि त्याने मोकळी केलेली जागा दुसरा घेतो. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही प्रत्येक हल्ल्यानंतर पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते, कारण पिंजरा दिसतो.

गंमत अशी की बिबट्या वाचवण्याच्या कामात घरगुती वस्तूंनी फार चांगली कामगिरी केली आहे. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडला की आधी दोराने बाज सोडायची. दमलेले जनावर तिच्यावर टेकते, मग पिंजरा उतरवता येतो. ऊसतोडीत सापडलेली पिल्ले प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच फडाच्या कडेला ठेवली, तर आई येऊन घेऊन जाते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यांनी आणि वनकर्मचाऱ्यांनी अशा कितीतरी माय-लेकरांची गाठ घालून दिली आहे. प्लास्टिकच्या सिरिंज जोडून भुलीचा डार्ट घरीच तयार करायचा आणि नळीतून फुंकायचा, ही पद्धत तर जगभरचे वन्यजीव पशुवैद्य वापरतात. महागड्या भुलीच्या बंदुकीपेक्षा जवळच्या अंतरावर ती जनावराला कमी इजा करते. फक्त आत भरायचे औषध आणि त्याची मात्रा पशुवैद्याच्याच हाती हवी.

आता पैसे नेमके कुठे घालायचे? याचे उत्तर शेजारच्या अकोले तालुक्यातील एका अभ्यासात आहे. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत दिसले की त्यांच्या आहारात वजनाने 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता, त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट, पण आहारात त्यांचा वाटा 11 टक्के. कारण साधे आहे. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी. म्हणजे सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू ना भोंगा, ना पट्टा. ती आहे दार लागणारा गोठा.

तोही अर्धा घरचा, अर्धा विकतचा असतो. खाली कंबरभर विटा किंवा दगड, म्हणजे पंजा आत घालून शेळीचा पाय ओढता येत नाही. वर जाड तारेची जाळी, छपरालाही जाळी किंवा घट्ट ठोकलेला पत्रा, कारण बिबट्या भिंत चढतो. दाराखाली फट नको, कडी बाहेरून. विटा आणि मजुरी घरची होऊ शकते. जाळी मात्र विकत घ्यावी लागते आणि चार शेळ्यांच्या मालकाची अडचण तिथेच होते. उसाच्या रानात मेंढ्या बसवणाऱ्या धनगराची तर त्याहून मोठी. त्याच्याकडे सुताची वाघर असते, ती मेंढ्या आत ठेवते, बिबट्याला बाहेर ठेवत नाही.

माणूस दगावला की सरकार वारसांना 25 लाख रुपये देते. ते द्यायलाच हवेत. पण जाळी त्याच्या आधीची गोष्ट आहे. ऊस बेणे आणि खते उधारीवर देऊन बिलातून रक्कम वळती करायची रीत सहकारी कारखान्यांना नवी नाही. विघ्नहर आणि भीमाशंकरच्या संचालकांनी येत्या हंगामात त्या यादीत गोठ्याची जाळी घालावी, ऊस नसलेल्या शेळीवाल्यांचा आणि धनगरांचा भार वनखात्याने उचलावा, आणि ग्रामपंचायतींनी भोंग्याची निविदा काढण्याआधी आपल्या हद्दीतल्या बिनकठड्याच्या विहिरी आणि बिनदाराचे गोठे मोजून यादी चावडीवर लावावी.